तीनशे सेकंद

टबात अठरा लिटर पाणी होतं आणि पाच किलो बर्फ होता. तापमापक दोन, एक तळाशी आणि एक वर. दोन्हींवर एक पूर्णांक आठ अंश. पाणी खेळतं ठेवणारा छोटा पंप एक, घडी घातलेले टॉवेल दोन, स्टॉपवॉच एक. आणि त्या पाण्यात, मनगटाच्या चार बोटं वरपर्यंत, सोलवायचा डावा हात.

दोनशे दहा सेकंद झाले होते.

"हा स्वेटर तू स्वतः विणलायस का गं?" सोलवायने विचारलं.

बोडिलला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. चाचणी चालू असताना तंत्रज्ञाने बोलायचं नाही, मान हलवायची नाही, चेहरा कोरा ठेवायचा. सुरुवातीला एकच वाक्य वाचून दाखवायचं: जितका वेळ सहन होईल तितका वेळ हात पाण्यात ठेव, सहन होईनासं झालं की काढ. त्यात एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

"बाह्यांचा टाका झकास आलाय," सोलवाय म्हणाली. "मीपण विणायचे. आता सुया सटकतात हातातून. जाऊ दे, चालायचंच."

दोनशे चाळीस. बहुतेकांचा हात साठच्या आत बाहेर येतो. गेल्या महिन्यात एक धिप्पाड ट्रकवाला चाळिसाव्या सेकंदाला आईवरून शिवी हासडून उठला होता. ती शिवी ऐकून बोडिलला बरं वाटलं होतं. या खोलीत सहा वर्षांत कुणी काही बरोबर बोललं असेल, तर ते तेवढंच.

तीनशेला घंटी वाजली. त्यापुढे हात ठेवू देत नाहीत.

"झालं. काढ आता."

"एवढंच? ठेवते की अजून. मला काही घाई नाही."

बोडिलने टॉवेल पुढे केला. हात मनगटाच्या वरपर्यंत लाल झाला होता आणि बोटं मेणासारखी पांढरी. सोलवायने ती पुसली नाहीत, उजव्या हाताने टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवली, जशी एखादी वस्तू ठेवावी. बोडिलने वहीत लिहिलं: ३००. पुढच्या रकान्यात छापील शब्द होता, त्यावर खूण केली: कमाल.

सोलवाय छप्पन्न वर्षांची. बंदरावरच्या हेरिंगच्या कारखान्यात तिने सत्तावीस वर्षं मासे कापले. डाव्या हाताने बर्फातला मासा धरायचा, उजव्याने सुरी चालवायची, आठ तास, हातात सुती मोजा आणि त्यावर रबरी. मागच्या ऑक्टोबरात सुरी डाव्या तळव्यात अर्धा इंच शिरली आणि ती तशीच कापत राहिली. मुकादमाला ट्रेमध्ये रक्त दिसलं तेव्हा त्याने मासे वाहून नेणारा पट्टा थांबवला. डॉक्टरांनी आठ टाके घातले आणि नसांच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी पाठवली. तिथली तारीख मिळाली अकरा महिन्यांनंतरची. तोवर कारखान्याने तिला काढलं होतं आणि नगरपालिकेने तिला इकडे पाठवलं होतं, मूल्यमापन केंद्रात. माणसाला किती सोसतं ते इथे मोजतात. तीन चाचण्या, मग शंभरापैकी एक अंक. अंक साठच्या खाली आला तर लवकरची पेन्शन. वर गेला तर कामाच्या जागी चाचणी: आठवड्याला दोन तास, मग चार, मग आठ.

सोलवायच्या फायलीत कामाची जागा आधीच लिहून ठेवलेली होती. खाडीपलीकडचा शिंपल्यांचा कारखाना. थंड पाणी आणि शिंपले उघडायची आखूड सुरी.

आणि ऑक्टोबरातल्या त्या जखमेबद्दल फायलीत एक वाक्य होतं. बोडिलने ते सकाळी वाचलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या कानशिलात काहीतरी ठणकत होतं. 'दुखापत होऊनही काम चालू ठेवण्याची उल्लेखनीय क्षमता.'

उल्लेखनीय!

दुसरी चाचणी आरशाची. कागदावर एक चांदणी छापलेली असते. ती सरळ बघायची नाही, आरशात बघून गिरवायची. डावं उजवं होतं, वरचं खाली जातं, आणि रेघेबाहेर पेन गेलं की यंत्र कानठळ्या बसतील असा आवाज काढतं. सात मिनिटं. कधीही सोडून देता येतं, शेजारी लाल बटण आहे. चांदणी कुणालाच जमत नाही. ती जमावी म्हणून ठेवलेलीच नाही. माणूस कितव्या मिनिटाला वैतागून बटण दाबतो, एवढंच बघायचं असतं. मनाचा त्रास किती सोसतो ते म्हणे यातून कळतं. बोडिलने यात माणसं रडताना पाहिली होती. एका शिक्षिकेने पेन भिंतीवर फेकलं होतं.

सोलवायने पेन मुठीत धरलं, सुरी धरतात तसं. यंत्र एकशे शहाण्णव वेळा केकाटलं. सात मिनिटं संपल्यावर तिने पेन काळजीपूर्वक टोपण लावून ठेवलं.

"तुमचं यंत्र बिघडलंय," ती हलक्या आवाजात म्हणाली, बोडिलला वाईट वाटू नये म्हणून. "सारखं बोंबलतंय. बघून घ्या कुणाकडून तरी."

तिसरी चाचणी म्हणजे कागद. पंधरा वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अगदी माझ्यासारखं, पाच म्हणजे मुळीच नाही. पहिलंच वाक्य होतं: मन फार अस्वस्थ झालं की ते मला असह्य होतं.

सोलवाय त्यावर बराच वेळ थांबली.

"असह्य म्हणजे?"

बोडिलने छापील उत्तर वाचलं. "तुला जो अर्थ वाटेल तो."

"म्हणजे सहन झालं नाही असं."

बोडिलने तेच छापील उत्तर पुन्हा वाचलं.

"पण सहन झालंच ना. मी इथे बसलेय म्हणजे झालंच की." सोलवाय स्वतःशीच हिशेब करत होती. "फ्रोडे गेला तेव्हा, माझा नवरा गं, बुधवारी गेला. गुरुवारी मी पट्ट्यावर होते. शनिवारी पुरलं. सोमवारी परत पट्ट्यावर. मग असह्य कसं म्हणू? खोटं होईल ते." आणि तिने पाचाला गोल केला.

पुढच्या चौदा वाक्यांपैकी बारांना पाच, दोनांना चार. पंच्याहत्तरांपैकी त्र्याहत्तर.

बोडिलने बेरीज दोनदा केली. इथलं माणूस असंच बोलतं. खाडीकाठच्या या पट्ट्यात छप्पर उडालं तर लोक म्हणतात, वारा होता जरासा. बोडिलची आई शेवटचे चार महिने पोटातल्या गाठीने तळमळत होती आणि परिचारिकेने विचारलं की म्हणायची, चालतंय. हा कागद मात्र कुठल्यातरी मोठ्या शहरात बनला होता, जिथे माणसं त्रास झाला की त्रास झाला असं म्हणतात. तो इथे आणून कुणी तपासून पाहिला नव्हता. बोडिलने सहा वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. तेव्हा तिला सांगितलं गेलं की हा प्रश्न तुझ्या कक्षेत येत नाही.

"कॉफी घेऊ या," ती म्हणाली. "तुझं झालं सगळं."

मागच्या छोट्या स्वयंपाकघरात कॉफीच्या यंत्राखालची तापती तबकडी चालूच असायची. सोलवायने उजव्या हाताने काचेचं भांडं उचललं आणि दोन कपांत कॉफी ओतू लागली. ओतताना तोल सांभाळायला तिने डावा हात टेकवला. तो तबकडीवर टेकवला.

बोडिल पाठमोरी होती, फडताळातून बिस्किटं काढत होती. वळली तेव्हा तिला आधी वास आला. मग तिने पाहिलं, आणि पाहता पाहता सवयीने मोजायला लागली. तीन, चार. तिला वाटलं आता काढेल. पाच, सहा. सोलवाय म्हणत होती, "दूध घेतेस का तू?" सात, आठ. नवव्या सेकंदाला बोडिलने झेप घेऊन तिचं मनगट ओढलं. कॉफी ओट्यावर सांडली.

"अगं हात! हात बघ!"

"काय झालं?" सोलवायने हाताकडे पाहिलं. तळव्यावर अर्ध्या चंद्रासारखी लाल कड उमटली होती आणि तिच्यावर कातडी फुगायला लागली होती. "अगोबाई. तुमची तबकडी तापलेली होती होय?"

बोडिलने तिचा हात नळाखाली धरला. नळ तिने पार शेवटपर्यंत सोडला. रागाने.

"हे असं किती दिवस चाललंय?"

"काय असं?"

"काही कळत नाही ते! हाताला!"

"कळतं की. थोडं थोडं. हिवाळ्यात कमी." सोलवाय नळाकडे बघत राहिली. "पट्ट्यावर सगळ्यांचंच तसं असतं बाई. बोटं जातात, मग परत येतात. माझी जरा यायची राहिली."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"त्याने विचारलं, कसा आहे हात. म्हटलं, चालतंय."

बोडिल तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होती आणि सहा वर्षं इथे. मोजमापाबद्दल तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: काटा टोकाला जाऊन टेकला की तो मोजत नसतो. तीनशे हा आकडा नव्हताच. ती भिंत होती. आणि तिने, बोडिलने, स्वतःच्या हाताने त्या भिंतीपुढे खूण केली होती. उल्लेखनीय.

"चल परत आत," ती म्हणाली. "उजवा हात."

"पण तू म्हणालीस की झालं."

"उजवा हात, सोलवाय."

नियम असा की ज्या हाताने माणूस लिहीत नाही तोच हात पाण्यात घालायचा. उजव्यासाठी वहीत जागाच नव्हती. बोडिलने बर्फ वाढवला, पाणी एक पूर्णांक आठवर आणलं, तेच वाक्य वाचलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

दहाव्या सेकंदाला सोलवायचं बोलणं थांबलं. विसाव्याला तिने ओठ आत घेतले. चौतिसाव्याला हात पाण्याबाहेर आला आणि त्याच्याबरोबर अशी एक शिवी आली, जी बंदरावरच शिकायला मिळते.

"माफ कर हं," ती लगेच म्हणाली. लाजेने तिची मान लाल झाली होती. "हा भित्रा आहे. उजवा. नेहमीचाच. डावा शहाणा."

"डावा मेलाय," बोडिल म्हणाली.

आस्गरच्या टेबलावर मेणबत्ती जळत होती. फेब्रुवारी होता आणि तो दुपारीही मेणबत्ती लावायचा. आस्गर केंद्राचा मानसशास्त्रज्ञ, चौतीस वर्षांचा, सगळ्यांशी मृदू. त्याने बोडिलचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलला नाही. ऐकून घेणं हे त्याचं कामच होतं.

"तबकडीचं वाईट झालं," तो म्हणाला. "तिच्यावर सूचना चिकटवायला हवी."

"आस्गर, मी तबकडीबद्दल बोलत नाहीये."

"कळलं गं. पण उजव्या हाताचा रकाना नाही ना आपल्याकडे."

"मग काढ एक. पट्टी घे आणि रेघ मार."

तो हसला. खरंच तिला विनोद करायचा होता असं त्याला वाटलं. "असं बघ. शिवाय एकदा चाचणी झाल्यावर दुसऱ्यांदा माणूस थकलेला असतो, चौतीस येणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही."

"थकून तीनशेचे चौतीस होतात? कुणाचे झालेत आजवर? चारशे बारा माणसं मोजलीयेत मी या खोलीत. एकाचं नाव सांग."

"बोडिल, तू तंत्रज्ञ आहेस. संवेदना आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपण फक्त सहनशीलता मोजतो."

"जे जाणवतच नाही ते सहन कसं करतात रे?"

त्यावर त्याने मेणबत्तीची वात सरळ केली. "नसांच्या तपासणीचा कागद आला की मी स्वतः फाइल परत उघडेन."

"तो सप्टेंबर उजाडल्यावर येणार. शिंपल्यांचा कारखाना मार्चपासून आहे."

"आठवड्याला दोनच तास. आणि एप्रिलच्या आत मला अजून साठ फायली संपवायच्यात. मलाही वरून विचारतात."

"दोन तासांत बोटं किती जातात, हे मोजलंय का कुणी?"

"तुझा आवाज चढलाय," आस्गर हळुवारपणे म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे बोडिलला अठ्ठावन्नाव्या वर्षी नीट समजलं. ती आग पोटात थांबत नाही, छातीत थांबत नाही, सरळ वर जाते आणि डोळ्यांमागे उभी राहते. ती बाहेर आली. दार तिने आपटलं नाही. ते दार आपटता येत नव्हतंच, ते हळूच आपोआप मिटणारं होतं. त्याचाही तिला राग आला.

शनिवारी दुपारी ती सोलवायच्या घरी गेली. बंदरामागच्या विटांच्या बैठ्या घरांच्या रांगेत शेवटचं घर. सोलवायने राय ब्रेड कापला, लोणच्यातलं हेरिंग काढलं, कॉफी केली. डाव्या हाताला पट्टी होती. ब्रेड कापताना तिने तो हात पाठीमागे ठेवला होता आणि पावाला कोपराने दाबून धरलं होतं.

"मंगळवारी केंद्रात तुझ्या निकालाची बैठक आहे ना?" बोडिल म्हणाली. "तुला विचारतील कसं चाललंय. तिथे चालतंय म्हणायचं नाही. कळलं?"

"मग काय म्हणू?"

"खरं सांग. सुया सटकतात. कप फुटतात. रात्री हात कुठे आहे ते अंथरुणात शोधावं लागतं."

सोलवायने वर पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"माझी आई तुझ्याच पट्ट्यावर होती. एकोणीस वर्षं."

"असं होय." सोलवायने हेरिंगची ताटली तिच्याकडे सरकवली. "मग तुला माहीत आहे. तिथे रडतराऊ माणसाचं काय होतं. शेजारची बाई बोलायची बंद होते."

"तिथे आता कुणी शेजारची बाई नाहीये!"

"मी आहे ना."

"सोलवाय, ते तुझ्या हातात परत सुरी देणार आहेत. तुला कळणारसुद्धा नाही बोट गेलं तर. ट्रेमध्ये सापडेल कुणालातरी! आणि ते लिहितील, उल्लेखनीय!"

"माझ्या स्वयंपाकघरात माझ्यावर ओरडू नकोस."

बोडिलला तिचा राग येत होता, आस्गरपेक्षाही जास्त. या सोसण्याचा, या मान खाली घालून पाचाला गोल करण्याचा. आणि लगेच त्या रागाचीही चीड येत होती, कारण बर्फ फोडून टबात टाकणारी ती स्वतः होती.

"तुझ्याबरोबर कोण येणार आहे?" तिने शेवटी विचारलं. "सोबतीला एक माणूस आणता येतो. पत्रात लिहिलंय."

"कोण येणार? मुलगी नॉर्वेत. कशाला तिला त्रास."

"मी येते."

"तू? तू तर तिकडची."

"मंगळवारी मी रजेवर आहे," बोडिल म्हणाली. ती रजेवर नव्हती. रजा तिने त्याच संध्याकाळी टाकली.

बैठकीच्या खोलीत आस्गर होता आणि पेर्निले होती. पेर्निले नगरपालिकेची, सोलवायची फाइल तिच्याकडे; पंचविशीतली, केस घट्ट बांधलेली, समोर संगणक. इतिवृत्त तीच लिहायची. टेबलावर कॉफीचा थर्मास आणि वेलचीचे बन.

बोडिल टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, सोलवायच्या शेजारी बसली, तेव्हा आस्गरची भुवई वर गेली.

"तू इकडे कशी?"

"सोबत. आज मी कामावर नाही."

"हे जरा विचित्र आहे, नाही का?"

"मला तर रोजच विचित्र वाटतं," बोडिल म्हणाली. "आजच तुला वाटलं."

आस्गरने फाइल उघडली आणि वाचू लागला. थंड पाणी, कमाल. आरसा, कमाल. प्रश्नावली, त्र्याहत्तर. एकूण अंक नव्याण्णव. केंद्रात आजवर मिळालेल्या सगळ्यांत मोठ्या अंकांपैकी एक, असं तो म्हणाला आणि सोलवायकडे बघून हसला, बक्षीस देताना हसतात तसं. सोलवायही हसली. मग त्याने शिफारस वाचली: शिंपल्यांचा कारखाना, तीन मार्चपासून, आठवड्याला दोन तास, पुढे वाढवत जायचं.

"तुला स्वतःला काय वाटतं, सोलवाय? हात कसा आहे?"



सोलवायने बोडिलकडे एकदा चोरून पाहिलं, मग बनकडे. "आता काय सांगायचं," ती म्हणाली. "चालतंय."

"चालत नाहीये!" बोडिलची मूठ टेबलावर आपटली आणि थर्मासचं झाकण उडालं. "तिला विचारू नका! ती मरताना पण हेच म्हणेल! इथलं कुठलंही माणूस हेच म्हणेल, आणि तुम्ही त्याचे गुण देता! सत्तावीस वर्षं तिचा हात बर्फात होता, तो जाळून टाकलात तुम्ही लोकांनी, आणि आता राख गरम लागत नाही म्हणून तिला शाबासकी देताय?"

सोलवाय आपल्या मांडीकडे बघत होती, लाजेने अर्धमेली.

"बोडिल," आस्गर म्हणाला. आवाजात इतकी काळजी होती की ऐकवत नव्हतं. "हे तुला फार लागलंय. मी समजू शकतो. जरा बाहेर जाऊन मोकळी हवा घेतेस का?"

बोडिलने त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली आणि तिच्यातून पेनासारखी एक प्लास्टिकची दांडी काढली. तिच्या टोकाला बोटभर लांबीचा, कडक नायलॉनचा धागा होता.

"हे काय?"

"रुग्णालयात मधुमेहवाल्यांचे पाय याने तपासायचे मी. कातडीवर टेकवून दाबायचं. धागा वाकला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो, कमी नाही, जास्त नाही. माणसाने डोळे मिटायचे आणि कळलं की हो म्हणायचं. एवढंच."

"बैठकीत आपण चाचण्या करत नाही," आस्गर म्हणाला. "शिवाय हा धागा इतका बारीक आहे की मलासुद्धा कळणार नाही."

"सोबतच्या माणसाला पंधरा मिनिटं असतात."

हे पेर्निले बोलली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने संगणकावरून नजर उचलली नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते. "नियमावलीत आहे. ती वेळ त्याने कशी वापरायची ते लिहिलेलं नाही. चार झाली. अकरा उरलीत."

"ठीक आहे," बोडिल आस्गरला म्हणाली. "तुला कळणार नाही म्हणतोस ना. दे हात. डावा."

मग त्याने बाही सरकवून हात टेबलावर ठेवला, आणि डोळे मिटले, कारण नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं. बोडिलने धागा त्याच्या अंगठ्यावर टेकवला.

"हो," आस्गर म्हणाला.

तर्जनी. हो. मधलं बोट. हो. तिने मध्येच लांब विराम घेतला, त्याला अंदाजाने हो म्हणता येऊ नये म्हणून. विरामात तो काही बोलला नाही. तळवा. हो. करंगळीचं टोक. हो. दहा झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि हात मागे घेऊन दुसऱ्या हाताने चोळला.

"आता तू," बोडिल म्हणाली. आवाज खाली आला होता. "पट्टी राहू दे. बोटंच घेऊ या."

सोलवायने डावा हात उजव्याने उचलून टेबलावर ठेवला, तळवा वर करून. मग शाळेतल्या मुलीसारखी ताठ बसली आणि डोळे घट्ट मिटले.

"कळलं की हो म्हण."

"हो म्हणते," सोलवाय म्हणाली.

बोडिलने धागा अंगठ्याच्या टोकावर टेकवला. तो वाकला. तिने एक, दोन मोजलं आणि उचलला. तर्जनी. धागा वाकला. मधल्या बोटाचं टोक, मधल्या बोटाचं पेर. कीबोर्डवरच्या पेर्निलेच्या बोटांचा आवाज थांबला होता. अनामिका, तिथे अंगठीची जुनी खाच होती, खाचेतही टेकवला. करंगळी. पुन्हा अंगठा, या वेळी मुळाशी. खिडकीबाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं. सोलवायच्या चेहऱ्यावर नम्र, उत्सुक हसू होतं, आपण चुकू नये एवढीच काळजी असलेलं. आठ. नऊ. दहाव्या वेळी बोडिलने धागा तर्जनीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरला, पार वाकून तो आडवा होईपर्यंत.

मग उचलला.

आस्गर त्या बोटांकडे बघत होता.

"बोडिल?" सोलवाय डोळे न उघडताच म्हणाली. "सुरू कर ना गं. मला साडेतीनची बस आहे."

थोड्या वेळाने पेर्निलेने विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू?" तिने आधी आस्गरकडे पाहिलं, मग बोडिलकडे. तिने इतिवृत्ताच्या शेवटी स्वतःच एक नवी ओळ उघडली आणि लिहिलं:

धागा, दहा ग्रॅम. आस्गर, डावा हात: स्पर्श दहा, कळलेले दहा. सोलवाय, डावा हात: स्पर्श दहा, कळलेले शून्य.